क्लोरीनची एक रिकामी जागा

१४ जुलै २०१० ची पहाट. शिवडीच्या हाजी बंदरावर, पोर्ट ट्रस्टच्या धोकादायक मालाच्या गोदामात एका सिलिंडरमधून क्लोरीन गळू लागला. १९९७ पासून असे शंभराहून अधिक सिलिंडर तिथे गंजत पडले होते. कामगार, विद्यार्थी, मदतीला धावलेले अग्निशमन दलाचे जवान अशा १२० हून अधिक जणांना त्या वायूची बाधा झाली.

त्याच पहाटे परळ-लालबागमधला प्रत्येक माणूस आणखी एक वायू छातीत भरून घेत होता. त्याचं नाव आरगॉन. हवेत तो जवळपास एक टक्का असतो आणि फुप्फुसांत जाऊन जसाच्या तसा बाहेर येतो. क्लोरीन मात्र हवेच्या दहा लाख भागांत मोजके भाग मिसळला तरी डोळे चुरचुरतात, घसा जळतो. आवर्तसारणीत हे दोघे अगदी शेजारी आहेत. क्लोरीनच्या अणूत १७ इलेक्ट्रॉन, आरगॉनच्या अणूत १८.

फरक एकाचाच, पण तो बाहेरच्या कवचातला आहे. इलेक्ट्रॉन अणुकेंद्राभोवती कवचांमध्ये असतात: पहिल्यात दोन, दुसऱ्यात आठ. तिसऱ्या कवचात आरगॉनचे आठ आहेत, क्लोरीनचे सात. आठांची ही रचना फार स्थिर असते. आरगॉनचा इलेक्ट्रॉन काढायला भरपूर ऊर्जा लागते. नवा आलाच तर त्याला आणखी दूरच्या कवचात जावं लागतं आणि तिथे केंद्राची ओढ त्याला धरून ठेवू शकत नाही. क्लोरीनच्या बाहेरच्या कवचात मात्र एक जागा रिकामी आहे. एकाच कवचातले इलेक्ट्रॉन एकमेकांच्या आड फारसे येत नाहीत, त्यामुळे १७ प्रोटॉनांची ओढ त्या जागेपर्यंत जोरात पोचते. क्लोरीनच्या अणूला एक इलेक्ट्रॉन मिळताना जेवढी ऊर्जा बाहेर पडते, तेवढी दुसऱ्या कुठल्याही मूलद्रव्याच्या बाबतीत पडत नाही.

सोडियमची गोष्ट नेमकी उलटी. त्याच्या बाहेरच्या कवचात एकच इलेक्ट्रॉन असतो आणि तो सहज सुटतो. म्हणून कॉलेजच्या प्रयोगशाळेत सोडियमचा तुकडा रॉकेलमध्ये बुडवून ठेवतात. पाण्यात पडला तर पेट घेतो. हे दोन तापट पदार्थ एकत्र आले की सोडियमचा इलेक्ट्रॉन क्लोरीनकडे जातो, दोघांचीही बाहेरची कवचं भरलेली होतात आणि वडाळ्याच्या मिठागरांत पिकायचं तेच मीठ तयार होतं. मिठातल्या क्लोराइडमध्ये आरगॉनइतकेच, १८ इलेक्ट्रॉन असतात. ते आपण रोज आमटीत घालतो.

शिवडीच्या सिलिंडरांना चढलेला गंजही याच व्यवहारातला. लोखंड इलेक्ट्रॉन सोडतं आणि बाहेरच्या कवचात दोन कमी असलेला ऑक्सिजन ते घेतो. कोरडा क्लोरीन साध्या तापमानाला पोलादाला फारसा त्रास देत नाही. ओल लागली की मात्र त्याची आम्लं होतात आणि पोलाद खाऊ लागतात. श्वासनलिकेच्या ओलसर अस्तरावरही तीच आम्लं तयार होतात. त्यात हा वायू हवेच्या सुमारे अडीचपट जड, त्यामुळे तो वर न जाता जमिनीलगत पसरतो.

इलेक्ट्रॉन ओढून घेण्याच्या याच गुणावर गिरणगावातली ब्लीचिंग खाती चालली. रंगद्रव्याच्या रेणूतले इलेक्ट्रॉन गेले की रंग जातो आणि कोरं कापड पांढरं होतं. गिरगावच्या नळाला येणारं पाणीही क्लोरीनमुळेच निर्जंतुक राहतं: जंतूंच्या पेशींतले महत्त्वाचे रेणू इलेक्ट्रॉन गमावतात आणि जंतू मरतात. मात्रा मोजून-मापून दिली, की तोच वायू शहराचं पटकी-विषमज्वरापासून रक्षण करतो.

घरात मात्र ही मात्रा मोजायला कोणी नसतं. फरशी पुसायच्या ब्लीचमध्ये सोडियम हायपोक्लोराइट असतं. संडास स्वच्छ करायचं ॲसिड त्यात मिसळलं, की क्लोरीन वायू सुटतो, आणि चाळीतल्या बंदिस्त न्हाणीघरात तो लगेच साठतो. ही दोन द्रव्यं कधीही एकत्र वापरू नयेत. चुकून वापरली गेलीच, तर बादली रिकामी करत न बसता दार उघडं टाकून मोकळ्या हवेत यावं आणि खोकला थांबत नसेल तर थेट रुग्णालय गाठावं.