दिवाळीची सुटी, वस्तुसंग्रहालय आणि घरची माणसे

पहिल्या सत्राची परीक्षा आटोपली की शाळांना दिवाळीची सुटी लागते. याच सुमारास घरोघर साफसफाई निघते व माळ्यावरील जुन्या वस्तू खाली येतात. तांब्यापितळेची भांडी मोडीत घालून त्यांच्या बदली नवी भांडी घेण्याचा प्रघात सर्वत्र आहे. ज्या वस्तू पाहावयास लोक शहरात तिकीट काढून जातात, त्यांचीच भावंडे आपल्या गावातून वजनावर विकली जातात! मोडीत गेलेली वस्तू तर वितळतेच; पण तिच्याबरोबर तिचे नाव, तिचा उपयोग व तिच्याविषयीच्या आठवणीही नाहीशा होतात. म्हणून सुटीत कुटुंबाने वस्तुसंग्रहालय कसे पाहावे व त्यात शिक्षकाने कोणते साहाय्य करावे, याचा येथे विचार केला आहे.

पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय हे या दृष्टीने उत्तम उदाहरण होय. कै. दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) हे ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहीत. १९२० च्या सुमारास त्यांनी जुन्या वस्तू जमविण्यास आरंभ केला व त्या कामी सारे आयुष्य वेचले. पत्नी कमलाबाई यांची त्यांना साथ होती. अल्पवयात वारलेल्या राजा या मुलाच्या स्मरणार्थ संग्रहालयास नाव देण्यात आले व १९७५ मध्ये हा संग्रह त्यांनी महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. संग्रहात २०,००० हून अधिक वस्तू आहेत. शस्त्रे व वाद्ये तेथे आहेतच. परंतु दिवे, अडकित्ते, दौती, स्वयंपाकाची भांडी, कोरीव दारे अशा नित्याच्या वापरातील वस्तू हेच त्या संग्रहाचे वैशिष्ट्य आहे. या वस्तूंपुढे खेड्यातील माणसास परकेपणा वाटण्याचे कारण नाही.

तथापि पुष्कळ कुटुंबे एका दालनातून दुसऱ्या दालनात घाईने जातात आणि अर्ध्या तासात बाहेर पडतात. मुलांच्या मनावर कोणतीच वस्तू ठसत नाही. यासाठी सुटीपूर्वीच्या पालकसभेत शिक्षकांनी पुढील गोष्टी समजावून सांगाव्यात.

पूर्वतयारी : संग्रहालयाचा साप्ताहिक सुटीचा दिवस व दिवाळीतील बंदचे दिवस आधी विचारून घ्यावेत. निघण्यापूर्वी घरातील एखादी जुनी वस्तू मुलांस नीट पाहावयास द्यावी. ज्याने घरची समई निरखून पाहिली आहे, त्यासच तेथील दिव्यांतील भेद चटकन दिसतो. वही व पेन्सिल बरोबर असावी. आजी-आजोबांस शक्य तर अवश्य न्यावे.

प्रत्यक्ष भेट : सर्व दालने एकदा सावकाश पाहावीत. नंतर प्रत्येकाने एकच वस्तू निवडून तिच्यापुढे दहा मिनिटे थांबावे. ही वस्तू कशाची केली आहे? हात कोठे धरावयाचा? झीज कोठे झाली आहे? हिचे काम आज कोणती वस्तू करते? अशा प्रश्नांची उत्तरे मुलाने पाहून शोधावीत व वस्तूचे साधे चित्र काढावे. लामणदिव्यास साखळी का, हे मुलास विचारावे. टांगलेल्या दिव्याचा उजेड दूरवर पडतो व जमीन मोकळी राहते, हे त्याचे त्यालाच उमगेल. अडकित्ता ही दुसऱ्या प्रकारची तरफ होय. टेकू एका टोकास, सुपारीचा भार मध्ये व हाताचे बल दुसऱ्या टोकास. वरच्या वर्गातील मुलास विज्ञानाचा हा पाठ येथे डोळ्यांनी दिसतो.

येथे वडीलधाऱ्यांचे स्थान मोठे आहे. ज्या आजीस वस्तूखालची पाटी वाचता येत नाही, तिलाच त्या वस्तूचे गावाकडील नाव, ती घासण्याची रीत व ती कोणत्या सणास निघत असे, हे ठाऊक असते. पाटीवर दोन ओळी असतात. आजीजवळ त्या वस्तूची सबंध हकीकत असते. आपल्या निरक्षर आजीपाशीही विद्या आहे, हे नातवास त्या ठिकाणी कळले, तर प्रवासाचा खर्च सार्थकी लागला असे समजावे.

घरी परतल्यावर : संग्रहालयातील वस्तूंचे सोयरे घरात व शेजारी शोधावेत. वजनमापांचा कायदा १९५६ मध्ये झाला व पुढे दशमान मापे रूढ झाली. तरी चिपटे, मापटे, शेर, पायली ही धान्याची मापे काही घरांत अजून सापडतात. दोन चिपट्यांचे एक मापटे, दोन मापट्यांचा एक शेर व चार शेरांची एक पायली, हे मुलांनी प्रत्यक्ष धान्य मोजून ताडून पाहावे.

पुणे सर्वांस जवळ नाही. सातारा जिल्ह्यात औंधचे श्रीभवानी संग्रहालय, कोल्हापुरात टाउन हॉलमधील संग्रहालय, धाराशिव जिल्ह्यात तेरचे संग्रहालय व नागपुरात ‘अजब बंगला’ म्हणून ओळखले जाणारे मध्यवर्ती संग्रहालय आहे. आपल्या भागास जवळचे असेल ते सुचवावे. मात्र ही भेट सक्तीची करू नये. ऊसतोडीस जाणारी कुटुंबे याच दिवसांत गाव सोडतात, अनेकांस एस. टी. चे भाडेही परवडत नाही. अशा मुलांनी घरातील वा शेजारच्या एका वस्तूची माहिती वडीलधाऱ्यांस विचारून लिहिली, तरी ती तितक्याच मोलाची मानावी.

सुटीनंतर शाळेत एक दिवस वस्तूंचे प्रदर्शन मांडावे. प्रत्येक वस्तूची मालकाच्या नावासह नोंद करावी व ती त्याच दिवशी परत करावी. सोन्याचांदीच्या वस्तू व देवघरातील मूर्ती मागवू नयेत. जुनी नाणी चिंच वा राख लावून घासू नयेत, कारण त्यामुळे त्यांवरील अक्षरे झिजतात.

जुने सर्व जपून ठेवा, असे गरजू कुटुंबास सांगणे रास्त नव्हे. परंतु वस्तू मोडीत घालण्यापूर्वी तिचे चित्र, नाव, उपयोग व ती घरात कोणी आणली एवढे तरी मुलाने वहीत उतरून घ्यावे. त्यास खर्च काही नाही. घरातील वृद्ध माणूस सांगावयास आहे तोवर मात्र ते झाले पाहिजे.