छेद विचारा!

तळेगाव (श्यामजी पंत) हे वर्धा जिल्ह्यातील आष्टी तालुक्याचे, नागपूर-अमरावती महामार्गावरचे गाव. दहावी-बारावीचे निकाल लागले की या रस्त्यावरच्या एस.टी.मध्ये हातात गुणपत्रिका घेतलेली मुले-मुली दिसू लागतात. कोणाला अभियंता व्हायचे असते, कोणाला डॉक्टर. आणि प्रत्येकाच्या घरी एकच प्रश्न घोळत असतो, "आपल्याला प्रवेश मिळेल का हो?"

विद्यार्थी मित्रहो, या प्रश्नाला दोन उत्तरे हमखास मिळतात. एक, "मनात आणले तर काय अशक्य आहे?" दुसरे, "आपल्यासारख्यांचे ते काम नव्हे." दोन्ही उत्तरे मोजमाप न करता दिलेली असतात. विज्ञानाचा विद्यार्थी मात्र विचारील, "शक्यता किती?" शक्यता हा एक अपूर्णांक आहे. त्याला अंश असतो आणि छेद असतो. अंश सर्वांना दिसतो, कारण त्याचे फोटो छापून येतात. छेद मात्र विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही. म्हणून या लेखात आपण छेद शोधायला शिकू.

एकावर एक चाळण्या

देशातील सर्वांत कठीण प्रवेशांपैकी एक म्हणजे आय.आय.टी.चा. पवईची आय.आय.टी. १९५८ साली सुरू झाली. आज देशात अशा २३ संस्था आहेत. तेथे पोहोचण्यासाठी आधी 'जेईई मेन' आणि नंतर 'जेईई ॲडव्हान्स्ड' अशा दोन परीक्षा द्याव्या लागतात. ही दोन टप्प्यांची पद्धत २०१३ पासून आहे.

२०२४ सालचे आकडे पाहा. मेन परीक्षेला सुमारे १४ लाख १५ हजार विद्यार्थी बसले. त्यांतून अडीच लाखांच्या थोडे वर विद्यार्थी पुढच्या परीक्षेस पात्र ठरले. ॲडव्हान्स्डच्या दोन्ही प्रश्नपत्रिका दिल्या १,८०,२०० जणांनी. त्यांपैकी ४८,२४८ उत्तीर्ण झाले. आणि जागा होत्या १७,७४०.

आता शक्यता काढू. १४,१५,००० ला १७,७४० ने भागले तर सुमारे ८० येतात. म्हणजे मेनला बसलेल्या दर ८० जणांमागे एक जागा. पण ॲडव्हान्स्ड दिलेल्यांचा विचार केला तर दर १० जणांमागे एक जागा पडते. ॲडव्हान्स्ड उत्तीर्ण झालेल्यांत तर तीन जणांमागे एकाहून थोडी अधिक. जागा त्याच, वर्षही तेच. बदलला तो फक्त छेद!

धान्य चाळताना वरच्या चाळणीतून खाली आलेला दाणा आणि पोत्यातला कोणताही दाणा यांची शक्यता सारखी नसते. तसेच येथे आहे. म्हणून "ऐंशीत एक" हा आकडा ऐकून हातपाय गाळू नका, आणि "तिघांत एक" ऐकून निर्धास्तही होऊ नका. आधी आपण कोणत्या चाळणीवर उभे आहोत ते पाहा. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. ४८ हजार उत्तीर्णांपैकी ३० हजारांवर विद्यार्थ्यांना आय.आय.टी.त जागा असणेच शक्य नव्हते. 'पात्र' आणि 'प्रवेश' हे दोन वेगळे शब्द आहेत.

शेकडा नव्हे, शतमक

मेन परीक्षेचा निकाल शतमकांत, म्हणजे पर्सेंटाइलमध्ये येतो. पुष्कळ घरांत हा आकडा शेकडा गुण समजून वाचला जातो आणि मोठी फसगत होते. तुमचे शतमक ९० असेल तर याचा अर्थ तुम्हाला शंभरपैकी नव्वद गुण मिळाले असा नाही. तुमच्या सत्रात बसलेल्या दर शंभरांपैकी नव्वद जणांचे गुण तुमच्याइतके किंवा तुमच्याहून कमी आहेत, एवढाच त्याचा अर्थ.

शतमकावरून आपला अंदाजे क्रमांक काढणे सोपे आहे. शंभरातून शतमक वजा करा, आलेल्या संख्येला शंभराने भागा आणि एकूण परीक्षार्थींच्या संख्येने गुणा. शतमक ९७ असेल तर उरले ३. चौदा लाख पंधरा हजारांचे तीन टक्के म्हणजे ४२,४५०. ऐकायला ९७ हा आकडा भरघोस वाटतो, पण पुढे बेचाळीस हजार मुले उभी आहेत. पवईला संगणकशास्त्राच्या सर्वांसाठी खुल्या असलेल्या जागा अलीकडे ॲडव्हान्स्डच्या पहिल्या शंभर क्रमांकांच्या आतच संपतात, हे लक्षात घेतले म्हणजे अंतर कळते.

गंमत अशी, की छेद दरवर्षी हलतो. ॲडव्हान्स्डला बसण्यासाठी खुल्या यादीची किमान मर्यादा २०२२ साली ८८.४१ शतमक होती. २०२३ साली ती ९०.७८ झाली आणि २०२४ साली ९३.२४. मुले एकदम हुशार झाली की काय? तसे नाही. पुढे घ्यायच्या विद्यार्थ्यांची संख्या ठरलेलीच होती, सुमारे अडीच लाख. मेनला बसणारे मात्र सुमारे ९ लाखांवरून ११ लाख आणि पुढे १४ लाखांवर गेले. पंगतीची पाने तेवढीच आणि पाहुणे वाढले, म्हणून मर्यादा वर सरकली. ९० शतमक मिळवणारा खुल्या यादीतील विद्यार्थी २०२२ मध्ये आत आला असता, २०२४ मध्ये बाहेर राहिला असता. तेव्हा गेल्या एकाच वर्षाची मर्यादा पाहून निष्कर्ष काढू नका. निदान तीन-चार वर्षांच्या मर्यादा एका कागदावर लिहा. राखीव प्रवर्गांच्या याद्या स्वतंत्र असतात, आणि नागपूरच्या विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेसारख्या ठिकाणी निम्म्या जागा आपल्याच राज्यातील विद्यार्थ्यांसाठी असतात. म्हणून आपल्याला लागू पडणारी ओळच वाचा.

फलकावरचे चेहरे

शहरातल्या शिकवणीवर्गांच्या फलकांवर यशस्वी मुलांचे हसरे चेहरे असतात. ते चेहरे खरे असतात, पण तो केवळ अंश आहे. त्या वर्गात बसले किती, हे फलकावर नसते. दोनशेतून वीस आणि चार हजारांतून वीस, दोन्हींचा फलक हुबेहूब सारखाच दिसेल!

यासाठी वर्गात एक प्रयोग करा. चाळीस विद्यार्थ्यांनी प्रत्येकी पाच वेळा नाणे उडवावे. पाचही वेळा छाप येण्याची शक्यता बत्तीसात एक आहे. म्हणजे चाळीस जणांत साधारण एखाद-दुसरा असा निघण्याचा संभव पुष्कळ. त्याला उभे करून विचारा, "तू नाणे कसे धरलेस? सकाळी काय खाल्लेस?" तो उत्तर देईल, आणि ते ऐकून सारा वर्ग हसेल. परीक्षेतले यश हे नाण्यासारखे केवळ योगायोगाचे नसते, त्यामागे कष्ट असतातच. पण यशस्वी माणसाने जे जे केले ते सारे यशाचे कारण होते, असे मात्र त्यावरून सिद्ध होत नाही. तेच करून जे राहिले, त्यांनाही विचारले पाहिजे.

स्वतःचे मोजमाप

आता सर्वांत महत्त्वाचा छेद, तुमचा स्वतःचा. मागील वर्षांच्या सहा प्रश्नपत्रिका घ्या आणि घड्याळ लावून, मध्ये न उठता सोडवा. समजा ३०० पैकी गुण आले ११८, १३१, १०४, १४०, १२२ आणि १२९. आपले मन लगेच म्हणते, "मी १४० चा विद्यार्थी." पण सरासरी काढा. ती येते १२४. आणि गुण १०४ ते १४० या पट्ट्यात हलत आहेत. परीक्षेच्या दिवशीही ते याच पट्ट्यात कोठेतरी पडण्याचा संभव अधिक.

तुम्हाला हव्या असलेल्या ठिकाणी १३५ गुण लागतात असे धरा. सहापैकी एकदाच तुम्ही ती रेषा ओलांडली. ११० लागत असतील तर सहापैकी पाच वेळा. सहा ही संख्या लहान आहे, म्हणून हा अंदाज ढोबळ समजा. पण शेजाऱ्याच्या मतापेक्षा तो नक्कीच भरवशाचा. शिवाय तो बदलता येतो. दोन महिन्यांनी पुन्हा सहा प्रश्नपत्रिका सोडवा आणि पट्टा वर सरकला का ते पाहा.

मराठी माध्यमातल्या विद्यार्थ्यांनी येथे एक नोंद करावी. जेईई मेन २०२१ पासून मराठीतूनही देता येते. ॲडव्हान्स्डची प्रश्नपत्रिका मात्र इंग्रजी आणि हिंदीतच असते. तेव्हा सरावाच्या काही प्रश्नपत्रिका त्या भाषेतही सोडवा. नाहीतर मोजमाप एका फूटपट्टीने आणि परीक्षा दुसऱ्या, असे होईल.

कपाशी आणि तूर

"एकीकडे नाही तर दुसरीकडे मिळेल, पाच अर्ज भरले म्हणजे झाले," असेही म्हणतात. हिशेब करून पाहू. प्रत्येक ठिकाणी शक्यता पाचात एक असेल आणि पाचही निकाल एकमेकांशी संबंध नसलेले असतील, तर पाचही ठिकाणी नकार येण्याची शक्यता ०.८ चा पाचवा घात, म्हणजे सुमारे ३३ टक्के. निदान एक प्रवेश मिळण्याची शक्यता ६७ टक्के! पण थांबा. आपल्या भागात कपाशीच्या ओळींत तूर पेरतात. एक पीक गेले तर दुसरे हाती यावे, हा हेतू. तरी पाऊस पूर्ण रुसला तर दोन्ही पिकांना फटका बसतो, कारण दोन्ही एकाच पावसावर आहेत. तसेच पाचही परीक्षांत भौतिकी, रसायन आणि गणितच असेल, तर एकीकडे कमी पडणारा विद्यार्थी दुसरीकडेही कमी पडण्याचा संभव असतो. म्हणून खरी शक्यता २० आणि ६७ टक्क्यांच्या मध्ये कोठेतरी असते. उपाय एकच. पाचही अर्ज एकाच उंचीचे नकोत. एक आपल्या पट्ट्याच्या वरचा, दोन-तीन पट्ट्यातले आणि एक अगदी खात्रीचा असावा.

पसंतीक्रम लिहिताना

निकालानंतर संस्थांचा पसंतीक्रम भरावा लागतो. पुष्कळ जण भीतीने आवडती संस्था खाली लिहितात आणि सहज मिळेल ती वर. ही भीती निराधार आहे, आणि त्यामागे सुंदर गणित आहे. १९६२ साली गेल आणि शॅप्ली या दोघा अमेरिकन गणितज्ञांनी एक रीत मांडली. प्रत्येक विद्यार्थी प्रथम आपल्या पहिल्या पसंतीकडे जातो. संस्था गुणानुक्रमाने वरच्यांना तात्पुरते धरून ठेवते आणि उरलेल्यांना परत पाठवते. परत आलेला आपल्या पुढच्या पसंतीकडे जातो. तेथे तो उशिरा पोहोचला तरी बिघडत नाही, कारण संस्था पुन्हा सर्वांची गुणानुक्रमे तुलना करते आणि आधी धरलेल्या पण खालच्या क्रमांकाच्या विद्यार्थ्याला सोडते. असे करता करता हालचाल थांबते. या रीतीत कठीण जागा वर लिहिल्याने खालच्या जागेवरचा तुमचा हक्क जात नाही. २०१५ पासून आय.आय.टी. आणि एन.आय.टी. यांचे एकत्रित जागावाटप याच तत्त्वावर होते. शॅप्ली यांना २०१२ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. तेव्हा येथे मनातला खरा क्रम लिहा.

शक्यता आणि किंमत

शेवटी एक भेद नीट समजून घ्या. शक्यता लहान आहे म्हणून अर्जच करू नये, असे नाही. २०२४ साली ॲडव्हान्स्डला पात्र ठरलेल्यांपैकी सुमारे ६४ हजारांनी नोंदणीच केली नाही. अर्जाची किंमत म्हणजे शुल्क आणि एक दिवस. दहात एक शक्यतेसाठी ती पुष्कळदा परवडते. पण पुन्हा एक वर्ष थांबून, घरचे पैसे खर्चून तीच परीक्षा द्यायची, तर किंमत फार मोठी आहे. ते ठरवताना सहा प्रश्नपत्रिकांचा कागद आई-वडिलांपुढे ठेवा. पट्टा रेषेला भिडत असेल तर वर्ष देण्यात अर्थ आहे. तो खूप खाली असेल, तर तेच वर्ष दुसऱ्या चांगल्या संस्थेत अधिक फळ देईल. हा निर्णय निकालाच्या आधीच लिहून ठेवा, कारण निकालाच्या दिवशी मन हिशेब करीत नाही.

आणि चाळणीचा आकारही कायमचा नसतो. आपल्याच जिल्ह्यात सेवाग्राम येथे डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ साली सुरू केलेले वैद्यकीय महाविद्यालय आहे. 'नीट' लागू होण्यापूर्वी त्याच्या स्वतंत्र प्रवेशपरीक्षेत गांधीविचारांचीही प्रश्नपत्रिका असे. त्या चाळणीतून काही वेगळेच दाणे खाली आले असतील! परीक्षा तुमचा एक गुण मोजते, तुम्हाला मोजत नाही. म्हणून शक्यता निर्भयपणे काढा. आकडा लहान आला तर तो तुमचा कमीपणा नव्हे. पुढचे पाऊल कोठे टाकावे हे सांगणारा तो मैलाचा दगड आहे.