विश्लेषण : घरातल्या गिटारसाठी भक्कम स्टँड कसा निवडावा?

गिटार ऑनलाइन मागवली की बीड जिल्ह्यातील मांजरसुंब्यासारख्या महामार्गावरच्या गावातही ती घरपोच येते. ती ठेवायची कुठे, याचा विचार मात्र खोके फोडल्यावर सुरू होतो. बहुतेक घरांत ती कपाट आणि भिंत यांच्यामधल्या कोपऱ्यात टेकवली जाते आणि एके दिवशी झाडू मारताना किंवा पोरांच्या पळापळीत आडवी होते. स्टँड घ्यायला जावे, तर जवळपास हात लावून पाहता येईल असे दुकान नसते. इंटरनेटवरचे सल्ले असतात, पण ते बहुतांशी परदेशातल्या, गालिचा आणि पोकळ पातळ भिंती असलेल्या घरांना धरून दिलेले. आपल्याकडे फरशी असते, ती रोज ओल्या फडक्याने पुसली जाते आणि भिंत विटांची किंवा दगडाची असते. त्यामुळे निवडही थोडी वेगळी ठरते.

गिटार पडल्यावर नेमके काय मोडते?

साधी अकूस्टिक गिटार सुमारे दोन किलोची असते. भरीव लाकडाची इलेक्ट्रिक गिटार साडेतीन ते चार किलोपर्यंत, कधी त्याहून जड. पडल्यावर पोचे येतात, रंग उडतो, पण खरे नुकसान होते ते मान आणि डोके यांच्या सांध्यात. गिब्सनच्या लेस पॉल गिटारचे आणि तिच्या नकलांचे डोके मानेपासून साधारण १७ अंशांनी मागे झुकलेले असते. त्यामुळे तिथे लाकडाचे तंतू आडवे कापले जातात, शिवाय मान सरळ ठेवणाऱ्या लोखंडी सळईसाठी आतून खाच घेतलेली असते. गिटार उताणी पडली की पहिला मार या डोक्याला बसतो आणि ते तिथेच तडकते. फेंडर पद्धतीच्या गिटारचे डोके मानेच्या रेषेत सरळ असल्याने ती असा मार जास्त सोसते. म्हणजे ज्या घरात मागे झुकलेल्या डोक्याची गिटार आहे, तिथे स्टँडवर चार पैसे जास्त घालणे शहाणपणाचे.

तीन पाय की चार?

स्टँड कलंडतो तो पायांवर नव्हे, दोन पायांना जोडणाऱ्या कडेवरून. समजा प्रत्येक पाय मधल्या खांबापासून ३० सेंटिमीटर बाहेर आला आहे. तीन पाय सारख्या अंतरावर असतील, तर खांबापासून कडेपर्यंतचे अंतर भरते फक्त १५ सेंटिमीटर. तेवढ्याच लांबीचे चार पाय असतील, तर ते २१ सेंटिमीटर होते. म्हणून तिपाई घ्यायची असेल तर तिचे पाय लांब हवेत. घडी करून पिशवीत मावणारे, आखूड पायांचे स्टँड कार्यक्रमाला नेण्यासाठी ठीक आहेत, कायम घरात ठेवण्यासाठी नव्हेत.

पण चार पायांचीही एक अडचण आहे. जुन्या शहाबादी फरशीवर किंवा शेणाने सारवलेल्या जमिनीवर चौथा पाय अधांतरी राहतो आणि स्टँड डुगडुगतो. तीन पाय कुठल्याही उंचसखल जागी टेकतात. तेव्हा सपाट टाइल्स असतील तर चौपायी, जमीन खडबडीत असेल तर लांब पायांची तिपाई, असा हिशेब ठेवावा. पायांना रबरी टोप्या हव्यातच. लोखंडी नळीचे उघडे टोक पुसलेल्या फरशीवर घसरते.

स्टँड घरी आला की आधी त्यावर गिटार ठेवून, दुसरा हात झेलायला तयार ठेवून, डोक्याजवळ एका बोटाने चारही बाजूंनी ढकलून पाहावे. जरा ढकलताच पाय उचलला जात असेल, तर तो स्टँड परत करण्याच्या लायकीचा. उंची कमी-जास्त करण्याचा स्क्रू प्लॅस्टिकचा असेल तर वर्षभरात त्याचे आटे झिजतात आणि नळी हळूहळू खाली सरकते. काही स्टँडमध्ये मान ठेवली की तिच्याच वजनाने दोन्ही बाजूंची बोटे आपोआप मिटतात. मुलांच्या घरात हा प्रकार सगळ्यात उपयोगी, कारण धक्का लागला तरी गिटार पुढे उडी मारत नाही. मान मुळीच न धरणारा, फक्त खालून टेकू देणारा इंग्रजी ‘ए’च्या आकाराचा स्टँड दिसायला छान असतो. तीन वर्षांचे मूल घरात असेल तर त्याच्या वाटेला जाऊ नये.

भिंतीवर टांगली तर मान ताणली जाते का?

ही भीती जवळपास प्रत्येक पालक बोलून दाखवतो. अकूस्टिक गिटारच्या सहा तारा सुरात लावल्या की मानेवर एकूण सुमारे ७० किलोचा ताण असतो आणि ती तो वर्षानुवर्षे सोसते. त्यापुढे स्वतःचे दोन किलो वजन म्हणजे काहीच नाही. टांगलेल्या गिटारची मान लांब होत नाही.

तसे पाहिले तर वाद्य खुंटीला टांगणे आपल्याला नवे नाही. देवळातली वीणा गवसणीत घालून खुंटीलाच असते. सप्ताहात तर पहारेकरी ती एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात देतात, जमिनीवर टेकवत नाहीत. तंबोऱ्याची गोष्ट वेगळी. २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेला मिरजेचा तंबोरा घ्या, त्याचा भोपळा गोल असतो. त्याला गडगडू न देण्यासाठी खाली चुंबळ लागते. गिटारचे बूड त्या मानाने सपाट, पण एवढे नाही की ती स्वतःहून उभी राहील.

विटांची भिंत असेल तर भिंतीवरचा हूक हाच सगळ्यात भक्कम स्टँड. पाय नाहीत, त्यामुळे कलंडणे नाही आणि फरशी पुसताना काही हलवावे लागत नाही. मात्र भोक पाडताना एक गोष्ट पाहावी. भिंतीवरचा गिलावा एक-दीड ते दोन सेंटिमीटर जाड असतो आणि त्यात बसवलेली प्लॅस्टिकची गिट्टी पुढेमागे गिलाव्यासकट निघून येते. गिट्टी गिलावा पार करून विटेत गेली पाहिजे. त्यासाठी किमान पाच सेंटिमीटर लांबीचा स्क्रू लागतो. हूक जमिनीपासून साडेपाच फुटांवर घेतला तर गिटारचे बूड साधारण पावणेतीन फुटांवर येते, म्हणजे रांगत्या मुलाच्या हाताबाहेर.

मराठवाड्यातल्या जुन्या माळवदाच्या घरांत दगड-मातीच्या भिंतीत गिट्टी धरत नाही. तिथे हूक सरळ लाकडी खांबाला मारावा. तसा शंभर वर्षांचा खांब आजच्या कुठल्याही स्टँडपेक्षा मजबूत असतो. पावसाळ्यात ओल येणारी भिंत आणि दुपारच्या उन्हात तापणारी पश्चिमेची भिंत मात्र टाळावी.

रबराचा काय त्रास?

बहुतेक स्टँडच्या हातांवर फोम किंवा रबर असते. स्वस्त आणि मध्यम किमतीच्या गिटारवर पॉलियुरेथेन किंवा पॉलिएस्टरचा थर असतो, त्याला सहसा काही होत नाही. जुन्या किंवा महागड्या गिटारवर नायट्रोसेल्युलोजचे लॅकर असू शकते. काही प्रकारचे रबर आणि पीव्हीसी त्याच्याशी अभिक्रिया करतात आणि लॅकर मऊ होऊन त्यावर कायमचा डाग पडतो. अशा गिटारसाठी हातांवर सुती कापड गुंडाळले की झाले.

उन्हाळ्यात स्टँडवर ठेवावी का?

लाकडी गिटारला ४५ ते ५५ टक्के सापेक्ष आर्द्रता मानवते. मराठवाड्यात एप्रिल-मेच्या दुपारी ती बऱ्याचदा ३० टक्क्यांच्या खाली जाते. भरीव लाकडाची वरची फळी अशा हवेत आकसते, कधी चिरते. प्लायची फळी असेल तर धोका कमी. पत्र्याच्या घरात उष्णतेने डिंक सैल होऊन तारांखालची पट्टी उचलली जाण्याची भीती वेगळीच. त्यामुळे या दोन महिन्यांत सराव झाला की गिटार पेटीत किंवा जाड पिशवीत ठेवावी. कूलरच्या झोतासमोर स्टँड ठेवणे तर आणखी वाईट, कारण दिवसा ओली हवा आणि रात्री कोरडी, असा खेळ लाकडाशी होतो. उरलेले दहा महिने स्टँडच बरा. डोळ्यांसमोर असलेली गिटार रोज हातात घेतली जाते, पिशवीतली राहून जाते.

स्टँड गावातच बनवून घेता येईल का?

नक्कीच. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीची कामे करणाऱ्या वेल्डिंगवाल्याला हे काम अवघड नाही, फक्त मापे नीट द्यावी लागतात. मानेच्या वरच्या टोकाला तारा जिच्यावरून जातात त्या पट्टीपाशी लोखंडी तारांच्या गिटारची मान सुमारे ४३ मिलिमीटर रुंद असते, नायलॉन तारांच्या क्लासिकल गिटारची सुमारे ५२. दोन बोटांमधली मोकळी जागा, कापड गुंडाळल्यानंतर, त्याहून पाच-सात मिलिमीटर जास्त ठेवावी. त्याहून रुंद ठेवली तर डोके निसटते. खालचे हात गिटारच्या जाडीपेक्षा, म्हणजे १०० ते १२५ मिलिमीटरपेक्षा, थोडे लांब घेऊन टोकाला वर वळवावेत. वेल्डिंगचे टोचरे कानशीने घासून घ्यावेत. आणि वेल्डर कौतुकाने सायकलची ट्यूब गुंडाळून देईल, ती काढून टाकावी. काळ्या रबराचे डाग फिकट रंगाच्या गिटारवरून निघत नाहीत.