विलायतेंत घर घेतांना

आपल्यांतील पुष्कळ कुटुंबें हल्लीं इंग्लंडांत स्थायिक होतात. तेथील मालकानें किंमत मान्य केल्याचें पत्र आलें, कीं इकडे वडीलधारी मंडळी वास्तुशांतीचा मुहूर्त पाहूं लागतात! परंतु १९८९ च्या कायद्यान्वयें तेथें स्थावराचा करार लेखीच लागतो. सह्या झालेल्या करारपत्रांची अदलाबदल होईपर्यंत कोणासही माघार घेतां येते. शिवाय विकणारा स्वतःचें नवें घर मिळेपर्यंत जागा सोडीत नाहीं, आणि त्याला घर देणाराही तसाच अडलेला! एक कडी तुटली, कीं सारी साखळी खोळंबते. वकिलाचे व तपासणीचे पैसे मात्र जातात. तोंवर येथील बिऱ्हाड मोडूं नये. मुलांचा शाळाप्रवेश बहुधा राहत्या पत्त्यावर ठरतो, म्हणून त्याच भागांत आधीं भाड्यानें राहावें. स्कॉटलंडांत मात्र उभय वकिलांच्या पत्रांनींच करार पक्का होतो, तोही बहुधा लवकर.