नवं भात रुजत नाही? बियाणं टाकून देऊ नका



वायंगणीची तयारी सुरू झाली. ऑक्टोबरात झोडलेलं घरचं भात रहूसाठी भिजवलं, तीन दिवस झाले तरी निम्म्या दाण्यांना मोड नाही, असं दरवर्षी कुणाकडे तरी होतंच. मग ते कोंबड्यांना जातं आणि बाजारातून नवी पिशवी येते. थोडं थांबा. बहुतेक वेळा बी मेलेलं नसतं, झोपलेलं असतं.

काढणीनंतर काही आठवडे, काही जातींत दोन महिन्यांपर्यंत, दाणा जिवंत असूनही रुजत नाही. ही सुप्तावस्था. कोकणात ती हवीच! नाहीतर परतीच्या पावसात आडव्या पडलेल्या भाताला लोंबीतच कोंब फुटले असते.

ही झोप उबेत लवकर मोडते, थंडीत लांबते. पण दाणा कोरडा हवा. ओल्या दाण्याला जास्त ऊब मिळाली तर तो खरंच मरतो. म्हणून बियाण्याचं भात पातळ पसरून ३-४ दिवस उन्हात वाळवा. ओलावा १३ टक्क्यांच्या आत हवा, दाणा दाताखाली कटकन तुटला पाहिजे.

आता पारख. १०० दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून उबेला ठेवा, आठवड्याने मोजा. ८० किंवा जास्त रुजले तर निश्चिंत पेरा. कमी रुजले तर उरलेले दाणे नखाने दाबून बघा. टणक, स्वच्छ असतील तर झोपलेले. त्यांना आणखी ऊन आणि दोन आठवडे द्या. मऊ, बुरशी धरलेले असतील तर मेलेले, ते बियाणं बदला.

झोप मोडली तरी रुजायला ऊब लागतेच. भाताला ३० ते ३५ अंश मानवतं. १० अंशाच्या आसपास रुजणं जवळजवळ थांबतं. किनाऱ्यावर फारसा त्रास नाही, पण घाटाकडच्या वाड्यांत पहाटे चांगलाच गारठा असतो. तिथे असं करा: १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ, तरंगणारे दाणे काढा, उरलेलं बी दोन-तीनदा धुवा. २४ तास भिजवा, पाणी निथळून गोणपाटात भरा, वर पेंढा घाला आणि चुलीजवळच्या खोलीत ठेवा. कोमट पाणी शिंपडा. दिवसातून दोनदा हलवा, कारण मोड येताना गोणी आतून तापते आणि मधलं बी भाजतं. थंडीत एक-दोन दिवस जास्त लागतील, घाई नको.

फार उशीरही नको. पेरा लांबला की पऱ्याचं पाणी आटतं आणि फुलोरा एप्रिलच्या उन्हात येतो. फुलोऱ्यात पारा ३५ अंशांच्या वर गेला तर पळिंज वाढतं.

भुईमूग पेरणार असाल तर तोच हिशोब: जमीन १८ अंशांच्या खाली गार असताना पेरू नका.

आजच १०० दाणे ठेवा. किती रुजले तो आकडा आणि भाताची जात या मेसेजला उत्तर म्हणून पाठवा.