क्वांटम संगणक आणि सिम्युलेशन : दुहेरी नाते

क्वांटम प्रणालीत एका क्यूबिटची भर पडली की तिचे वर्णन करणाऱ्या संख्या दुप्पट होतात. ३० क्यूबिटांच्या संपूर्ण अवस्थेसाठी सुमारे १०७ कोटी संमिश्र संख्या, म्हणजेच जवळपास १७ गिगाबाइट स्मृती लागते. ५० क्यूबिटांसाठी ही गरज दहा लाख पटींहून अधिक वाढते. निसर्ग क्वांटम नियमांनी चालत असल्याने त्याचे सिम्युलेशनही क्वांटम यंत्रानेच करावे, असा विचार रिचर्ड फाइनमन यांनी १९८१ मध्ये मांडला. औषधे व उत्प्रेरकांच्या संशोधनाला त्यातून गती मिळू शकेल.

मात्र आजच्या क्वांटम यंत्रांत त्रुटी बऱ्याच असतात. म्हणून त्यांच्या आज्ञावली साध्या संगणकावर, क्वांटम संगणकाचेच सिम्युलेशन करून तपासल्या जातात. भारतीय विज्ञान संस्था, आयआयटी रुरकी व सी-डॅक यांच्या सहकार्यातून साकारलेले ‘क्यूसिम’ हे असे साधन २०२१ मध्ये उपलब्ध झाले.

एप्रिल २०२३ मध्ये मंजूर झालेल्या ६,००३.६५ कोटी रुपयांच्या राष्ट्रीय क्वांटम अभियानाचे उद्दिष्ट आठ वर्षांत ५० ते १,००० क्यूबिटांचे संगणक विकसित करण्याचे आहे. या टप्प्यावर महासंगणकांचीही स्मृती अपुरी पडू लागते. त्यामुळे यंत्र उभारण्याइतकेच त्याच्या उत्तराची विश्वासार्हता पडताळणे हेही मोठे आव्हान ठरणार आहे.