प्रकाशाची ऊर्जा किती वेगाने धावते?



बारावी सायन्सला असलेल्या माझ्या मुलीने मध्यंतरी विचारले, "पप्पा, प्रकाशाचा वेग सेकंदाला ३ लाख किलोमीटर, हे पाठ आहे. पण त्यातली ऊर्जाही त्याच वेगाने येते का?" मी कला शाखेचा पदवीधर, नोकरी बँकेतली. उत्तरासाठी तिचीच पुस्तके चाळावी लागली.

प्रकाश ही विद्युत्चुंबकीय लहर आहे, हे मॅक्सवेल या शास्त्रज्ञाने १८६५ साली मांडले. निर्वात पोकळीत तिची निम्मी ऊर्जा विद्युत क्षेत्रात व निम्मी चुंबकीय क्षेत्रात असते. ती कोणत्या दिशेने आणि किती वाहते, याचा नियम पॉइंटिंग यांनी १८८४ मध्ये दिला.

आता हिशेब करू. वातावरणाच्या बाहेर सूर्यासमोर धरलेल्या एक चौरस मीटर फळीवर दर सेकंदाला सुमारे १३६१ ज्यूल ऊर्जा पडते. सेकंदापूर्वी ती कोठे होती? फळीसमोरच्या ३ लाख किलोमीटर लांबीच्या स्तंभात, म्हणजे ३० कोटी घनमीटर जागेत पसरलेली! भागाकार केला तर एका घनमीटर उन्हात ज्यूलचे जेमतेम साडेचार दशलक्षांश भाग येतात. आमच्या भाषेत, खात्यात शिल्लक नगण्य पण उलाढाल प्रचंड. पॉइंटिंग यांच्या नियमाने ही उलाढाल आणि शिल्लक वेगवेगळी काढून एकीला दुसरीने भागले, तरी उत्तर प्रकाशाचा वेगच येते. तेव्हा मुलीच्या प्रश्नाचे उत्तर 'होय'.

मात्र हे पोकळीपुरते. साध्या काचेत ऊर्जेचा वेग साधारण २ लाख किलोमीटरवर उतरतो.

खरी गंमत पुढेच आहे. रडारमध्ये लहरी धातूच्या पोकळ नळीतून नेतात. त्या नळीत लहरीच्या शिखरांचा वेग प्रकाशापेक्षा जास्त भरतो! मुलगी म्हणाली, हे चूक असणार. मग मी तिला पावसाळ्यातल्या मरीन ड्राइव्हची आठवण करून दिली. लाट कठड्यावर तिरकी आदळली की उडणारे तुषार कठड्याच्या कडेने लाटेपेक्षा भरधाव पळताना दिसतात, पण त्या दिशेने पाणी तेवढे धावत नसते. नळीतही लहर दोन्ही भिंतींवर आपटत नागमोडी जाते. त्यामुळे शिखरे पुढे पळताना दिसली तरी ऊर्जा प्रकाशापेक्षा मंदच सरकते. दोन्ही वेगांचा गुणाकार केला, तर तो प्रकाशवेगाच्या वर्गाइतका भरतो. हा गुणाकार तिने वहीत स्वतः करून पाहिला, तेव्हा कुठे तिचे समाधान झाले.